शेवटच्या खंडाचा नकाशा

प्रिय पाल्हाळ्या,

दचकलास ना? या नावानं तुला हाक मारणारं आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही. सगळे तुला सर म्हणतात, आणि सभेत कोणी महाकथाकार म्हटलं की तू मान जराशी खाली घालून हसतोस, तेही मी पाहिलंय. पण हे नाव तुला माझ्या धाकट्या भावानं ठेवलं होतं आणि हे पत्र त्याच्यापायीच लिहितेय, तेव्हा पुस्तकाच्या पाठीवरचं तुझं नाव इथे चालायचं नाही. तू गोष्ट सांगायला बसलास की तुझे प्रवासी सराईच्या दाराशी पोचले तरी आत शिरायचे नाहीत. आधी दाराच्या कडीचं वर्णन, मग वर लटकणाऱ्या पाटीचं, मग वाऱ्याचं. तो पलंगावरून ओरडायचा, अरे पाल्हाळ्या, आत घे त्यांना, गारठून मरतील बिचारे. आणि तू चिडून आणखी एक वर्णन वाढवायचास.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. मोजणी खात्यातली नोकरी अजून आहे. दिवसभर लोकांच्या कुंपणांची भांडणं कागदावर सोडवायची आणि घरी येऊन तुझ्या देशाचे डोंगर काढायचे, असं इतकी वर्षं चाललं. डोंगरांचं काम आता संपलं. सातवा खंड छापून झाला, बांधून झाला, गाड्या निघाल्यासुद्धा. छापखान्यातल्या फोरमनचा तसा निरोप आला आणि मगच मी हे पत्र लिहायला घेतलं. आधी मुद्दामच लिहिलं नाही. आई मात्र बरी नाही. म्हणजे दुखत-खुपत काही नाही, पण तुझा सहावा खंड वाचल्यापासून ती घरात फारशी चालत नाही. का, ते सांगते, पण त्यासाठी आधी त्या पलंगापासून सुरुवात करावी लागेल.

खडूसचा पलंग. त्यानं तुला पाल्हाळ्या केलं आणि तू त्याला खडूस, फिट्टंफाट. पलंग खिडकीशी लावलेला, उशाशी पुस्तकांची चळत, पायाशी तू आणि भिंतीला टेकून मी. त्याचे पाय हळूहळू जात चालले होते. आधी अंगण बंद झालं, मग जिना, मग दाराचा उंबरा. आणि पाय जात गेले तसतशी पुस्तकं जाड होत गेली. खालच्या मजल्यावरची लायब्ररीवाली कुरकुरायची की ही उशीएवढी पुस्तकं तुमच्याशिवाय कोणी नेत नाही आणि तुम्ही नेता ती परत आणायचं नाव घेत नाही. पुस्तक उघडलं की आधी नकाशा. नकाशावर सगळीकडे बोट फिरवून झाल्याशिवाय पहिलं पान उलटायचं नाही, हा खडूसचा नियम. मग ते ठरलेलं गाव, डोंगराआडचं, जिथे कधी काही घडत नाही. ठरलेला अनाथ पोरगा, मेंढ्या नाहीतर डुकरं राखणारा, आपण कोण हे त्याला ठाऊक नसतं आणि आपल्याला मात्र तिसऱ्या पानावर कळलेलं असतं. काठीवाला म्हातारा, ज्याला सगळं माहीत असतं आणि जो नेमका गरजेच्या वेळी मूग गिळून गप्प बसतो. सराईच्या कोपऱ्यात डोक्यावरून टोपडं ओढून बसलेला अनोळखी माणूस. एकमेकांचं तोंड न बघणारे बुटका आणि तिरंदाज, जे शेवटी एकमेकांसाठी जीव द्यायला उठतात. म्हातारा मधेच कुठल्यातरी दरीत पडायचा आणि आपण बिस्किटांची पैज लावायचो, की हा कितव्या खंडात वर येतो. वर यायचाच तो, आणि आल्यावर आधीपेक्षा स्वच्छ कपड्यांत असायचा.

माझ्या वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. म्हणायच्या, यातलं एक वाचलं की सगळी वाचली. खरंच होतं ते, पण आपल्याला तेच तर हवं होतं. त्या दिवसांत डॉक्टर आईला खोलीबाहेर नेऊन दबक्या आवाजात बोलायचे. मला कोणी काही सांगायचं नाही आणि खडूसला तर नाहीच नाही. पुढे काय होणार हे आधीच सांगून टाकणारी त्या घरात ही एवढीच एक गोष्ट होती. तलवार सापडणार, म्हातारा परतणार, अंधार हटणार आणि पोरगा घरी येणार. शेवट ठाऊक असला की माणूस निर्धास्त चालतो, आणि ज्याला मुळात चालताच येत नव्हतं त्याला ते सुख आपल्यापेक्षा जास्त हवं होतं. तूच एकदा म्हणाला होतास की या पुस्तकांत नवं काही नसतं म्हणूनच ती विश्वासाची. तेव्हा तू असं काही बोलायचास आणि मी तुझ्याकडे बघत बसायचे. खडूस मला पायानं ढोसू शकत नव्हता, म्हणून उशी फेकायचा.

एकाच बाबतीत तो तुझ्याशी वाद घालायचा. अंधाराच्या राजाची बाजू घ्यायचा. मुद्दाम, तुला डिवचायला. म्हणायचा, बाकी सगळ्यांच्या जेवणाची पानंच्या पानं वर्णनं, आणि हा बिचारा त्या बुरुजात बसून खातो तरी काय? त्याचे ते काळे झगे धुतं कोण? एवढं लाखभर सैन्य आहे, पण त्यातला एकही त्याच्याशी पत्ते खेळायला वर येत नाही? तू तावातावानं समजावायचास की अरे, तो म्हणजे दुष्टपणा आहे, माणूस नाही. आई दारात उभी राहून हसायची. एकदा बिस्किटांची बशी खाली ठेवताना म्हणाली, घे, तुझ्या त्या राजालाही दे दोन. तेव्हापासून बशीत उरलेला चुरा खडूस ओल्या बोटानं टिपायचा आणि म्हणायचा, उरलेलं राजाचं. ती आमच्या घरातली थट्टा होती. तू घरातलाच होतास, म्हणून तुला ती पाठ होती.

तो गेला तेव्हा तू नव्हतास. तुझ्या पहिल्या खंडाचं प्रकाशन होतं, फोनवर म्हणालास, एवढं आटोपलं की येतो. आलास तोवर आम्ही पलंग खोलून भिंतीला उभा करून ठेवला होता. तुझ्यामाझ्या लग्नाचं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं, मीही मनात ठरवलं होतं, पण तू माझ्या तोंडाला पानं पुसलीस आणि वर म्हणालास, नकाशे मात्र तुझ्याच हातचे हवेत. मी दिले. मावशी मला वेडी म्हणाली, तिचं बरोबर होतं. त्याचा सूड घ्यायचा असता तर तेव्हाच घेतला असता, दुसऱ्या खंडात तुझी राजधानी दलदलीत उतरवली असती. पण तो देश आपण तिघांनी उभा केलेला होता आणि मला तो सोडवेना. लग्नाचं मी कधीच सोडून दिलं. हे पत्र त्यासाठी नाही, एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू स्वतःवर खूश व्हायला नको.

तुझी लिहिण्याची रीत जगाला ठाऊक नाही, मला आहे. तुला अंतर कळत नाही. कधीच कळलं नाही, शाळेच्या रस्त्यावरही तू वेळेवर पोचला नाहीस. म्हणून आधी माझा कच्चा नकाशा लागतो. तो तू टेबलासमोर भिंतीला लावतोस, त्यावर बोटानं चालतोस, आणि बोट जाईल तिकडे सैन्य जातं. खंड लिहून झाला की मी पक्का नकाशा शाईनं काढते आणि तो माझ्याकडून परस्पर छापखान्यात जातो. तू तो बघत नाहीस, तुझ्या सभा सुरू झालेल्या असतात. संपादकबाई गावांची नावं नीट लिहिलीत की नाही तेवढं पाहतात. तिसऱ्या खंडाच्या वेळी तू कच्च्या नकाशावर चहा सांडलास, नदीचं मोठं वळण पुसलं गेलं आणि तुझं सैन्य कितीतरी मुक्कामांची वाट एका दुपारी चालून मोकळं झालं. वाचकांच्या मेळाव्यात ती दोरेवाली मुलगी उठली, पक्क्या नकाशावर दोरा लावून सगळ्यांना अंतर दाखवलं. मला वाटलं, आता याची फजिती. पण बोलण्यात तू कुणाच्या बापाला हार जाणार नाहीस. म्हणालास, माझ्या देशात नकाशा आधी झाला आणि गोष्ट नंतर. दोघांत तफावत दिसली तर नकाशा खरा माना, मी आपला ऐकीव माहिती लिहिणारा. सभागृह दणाणून गेलं. तुला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक खंडात नकाशाखाली ते छापून घेतलंस, खाली स्वतःची सही देऊन.

आता आईचं सांगते. तुझ्या खंडांतला अंधाराचा राजा म्हणजे राखेचा राजा. पाच खंड तू त्याचा नुसता आवाज ऐकवलास, सहाव्यात चेहरा दाखवलास. आई तुझं प्रत्येक पुस्तक वाचते, भिंग घेऊन, ओळीखाली पट्टी धरून वाचते. तू मला वाऱ्यावर सोडलंस तरी तिनं तुझं वाचणं सोडलं नाही, कारण त्या पानांत तिला तिच्या मुलाची खोली ऐकू येते. त्या प्रकरणापाशी ती आली तेव्हा मी समोर भाजी निवडत होते. बुरुजातला राजा, चाकं लावलेल्या दगडी सिंहासनावर, गुडघ्यांवर पांघरूण. त्याला चालता येत नाही म्हणून तो गावंच्या गावं लंगडी करत सुटलेला, लोकांच्या पायांतलं बळ ओढून घेणारा. आणि समोरच्या ताटलीतला चुरा ओल्या बोटानं टिपत तो म्हणतो, उरलेलं राजाचं. आईनं भिंग खाली ठेवलं. मग मला म्हणाली, आपण सगळे त्याच्यासमोर हिंडायचो-फिरायचो, त्याचा त्याला राग यायचा का गं?

मी नाही म्हटलं, दहा वेळा नाही म्हटलं. आणि मग तुझी ती मुलाखत आली. लहानपणी एका आजारी मुलाच्या डोळ्यांत तू पहिल्यांदा द्वेष पाहिलास म्हणे, चालणाऱ्या प्रत्येकाबद्दलचा, आणि राखेचा राजा तुला तिथे सापडला. शेजारच्या काकूंनी ती आईला कौतुकानं मोठ्यानं वाचून दाखवली, आपल्या मुलाचं नाव आलंय म्हणून. आपला मुलगा म्हणजे तू. तेव्हापासून आई घरात भिंत धरून, पाय न वाजवता चालते, आणि फारशी चालतच नाही. मी बाहेरून आले की सांगते, चपला दारातच काढ, आवाज नको करू. कोणाला त्रास होईल ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मुलगा गेल्यावर तिच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, की तो होता तोवर आपल्यात हसतखेळत होता. ती तू एका प्रकरणासाठी उचलून नेलीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून तिथेच आहे.

तुझे वाचक तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. आपल्या त्या ठरलेल्या पुस्तकांत अंधाराच्या राजाला आई नसते. त्याला लहानपण नसतं, खिडकीशी पलंग नसतो, बिस्किटांची बशी नसते. म्हणून तर पोरगा त्याला मारून घरी येतो आणि आपण पुस्तक मिटून शांत झोपतो. लोक त्याला ठोकळा म्हणतात, म्हणू देत. तो ठोकळा असण्यात थोडी माणुसकी होती, हे मला या वयात कळलं. तुला ठोकळा चालेना, जिवंत माणूस हवा होता, समीक्षकांनी पाठ थोपटायला हवी होती. थोपटली त्यांनी. पण जिवंत माणूसच हवा होता तर स्वतःला बसवायचं होतंस त्या सिंहासनावर. आजारी मित्राच्या घरातून हवं ते सगळं घेऊन चालता झालेला माणूस तुझ्या ओळखीचा होता की.

सातव्याचं हस्तलिखित आलं तेव्हा मी शेवटचं प्रकरण आधी वाचलं. तुझा नायक, तो मेंढपाळ, सैन्य घेऊन डोंगरातल्या खिंडीतून जातो, बुरूज चढतो, तलवारीच्या टोकानं राजाच्या पायांवरचं पांघरूण उडवतो. ते काडीसारखे पाय बघून सगळे हसतात. मग तो त्याला मारतो. सगळे हसतात असं तू लिहिलंस, आणि त्या पलंगाच्या पायाशी तू बसायचास. मी तुला फोन केला, आठवत असेल. मी भांडले नाही, मी मागितलं. म्हटलं, पांघरूण काढ, चुरा काढ, ते वाक्य काढ, आणि मग मार तुझ्या राजाला हवा तसा. आईला चार ओळी लिही, की मुलाखतीत बोललो ते खरं नव्हतं. तू हसलास. म्हणालास, अगं, काल्पनिक आहे सगळं, खलनायक आहे तो, तू काय एवढं मनाला लावून घेतेस, आणि पांघरुणाचा तो प्रसंग काढला तर शेवटात राहिलं काय? फोन ठेवता ठेवता म्हणालास, नकाशा तेवढा वेळेत पाठव.

पाठवला. अगदी वेळेत पाठवला. त्या देशाचा पहिला नकाशा कुठून आला हे तू कुठल्याच मुलाखतीत सांगितलेलं नाहीस, बहुधा विसरला असशील. खडूस उताणा पडायचा, आई त्याचे गुडघे उभे करून वर करडं पांघरूण घालायची, आणि त्या घड्या मी पेन्सिलीनं कागदावर उतरवल्या होत्या. दोन गुडघे म्हणजे जुळी शिखरं आणि मधली खाच म्हणजे खिंड. पायाशी मेंढपाळाचं गाव, कारण तिथे तू बसायचास. उशाशी राजाचा बुरूज, कारण तिथे तो होता. शिवणाच्या डब्यातल्या बटणांचं सैन्य तू खिंडीतून पुढे ढकलायचास, आणि हरायला लागला की तो दोन्ही हातांनी गुडघे एकमेकांना चिकटवून टाकायचा. बटणं सांडायची, तू रडीचा डाव म्हणून ओरडायचास. तुझ्या भिंतीवरच्या कच्च्या नकाशात खिंड आहे. पक्क्यात नाही, आणि आधीच्या खंडांचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशीच संपायचे, तेव्हा वाचकांनी ती कधी पाहिलेलीही नाही. दोन्ही शिखरं मी जवळ आणली आणि मधे टाकाच्या टोकाएवढी फट ठेवली नाही. कडे सरळ उभे, आणि डोंगराची रांग दोन्ही अंगांनी थेट समुद्रात उतरवलेली. जन्मभर मोजणी खात्यात काढलाय, रस्ता कसा बंद होतो ते मला कळतं. वळसा नाही, भुयार नाही, होडी लावावी असा किनारा नाही. खिंडीचं नाव मी लिहिलंच नाही, आणि संपादकबाई लिहिलेली नावं तपासतात, न लिहिलेली नाही. आता दोरेवाली पहिल्याच दिवशी दोरा घेऊन बसेल. खाली तुझ्या सहीचं वाक्य आहेच. मेंढपाळ डोंगराच्या अलीकडेच राहिला आणि पुढचं सगळं सैनिकांनी सराईमध्ये बसून मारलेल्या थापा, असं ते ठरवतील. तुझ्या वाचकांना मी ओळखते, एकदा ठरवलं की ते तुझंही ऐकायचे नाहीत.

छापखान्यातून माझी प्रत आली ती मी आईसमोर उघडून ठेवली. ती नको नको म्हणत होती. म्हटलं, गोष्ट वाचू नकोस, नुसता नकाशा बघ. तिनं भिंग घेतलं, गावावर बोट ठेवलं, नदी ओलांडली, कुरणं ओलांडली. डोंगराशी येऊन बोट इकडे गेलं, तिकडे गेलं, परत मधे आलं. मला म्हणाली, मग हे लोक पलीकडे गेले कसे? मी म्हटलं, नाही गेले. ती त्या दोन शिखरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, लबाड कुठला, हरायला लागला की असंच करायचा. आणि हसली, पाल्हाळ्या. किती दिवसांनी. मग उठून त्याच्या खोलीत गेली आणि खिडकी उघडून आली. अजून भिंत धरूनच चालते, खोटं कशाला सांगू. पण त्या दुपारी तिची पावलं मला स्वयंपाकघरात ऐकू आली.

आता हे सगळं तुला कळवायचं कारण. मी गप्प राहिले असते तर तू याला माझी चूक म्हणाला असतास. बाईचं वय झालं, डोळे गेले, घाई झाली असेल. सभेत माझ्या वतीनं मोठ्या मनानं माफीसुद्धा मागितली असतीस आणि त्यावरही टाळ्या घेतल्या असत्यास. ते मला नको होतं. ज्याच्यावर सूड घेतला त्यालाच तो कळला नाही, तर ती नुसती छपाईतली गडबड होते. तर ही गडबड नाही. मी शुद्धीवर असताना, चष्मा पुसून, चांगल्या उजेडात काढलेला नकाशा आहे. पुढच्या आवृत्तीत खिंड उघडायची असेल तर जरूर उघड. पण का उघडली ते दोरेवाली विचारेल, आणि त्या वेळी मी मागच्या रांगेतून उठेन आणि त्या खोलीत काय होतं ते सगळं सांगेन, तुझ्यासमोर. प्रकाशनाच्या दिवशी पहिली प्रत तुझ्या हातात ठेवतील. टाळ्या चालू असतील. तेव्हा आतलं पान उघड आणि बोट ठेवून नीघ, सवयीप्रमाणे. डोंगरापर्यंत येशील. माझा भाऊ पलीकडे आहे, आणि तुला त्याच्यापर्यंत जायला वाट नाही.

एकेकाळची तुझीच,
नकाशेवाली